आश्विन की ऑक्टोबर: वडोदऱ्यातल्या एका वाड्याचं आणि परदेशी पर्यटकांच्या मासिक आकड्यांचं प्रकरण

मी वडोदऱ्यात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक आकड्यांची कागदपत्रं घेऊन येतात, त्यातलंच हे एक प्रकरण. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा गाळल्या आहेत.

पार्श्वभूमी

वाडा दांडिया बाजारातला, चार पिढ्यांचा. मूळ पुरुष गायकवाडांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. आता वाड्यात दोघंच राहतात. एक माझ्या दिवंगत मित्राची बायको, म्हणजे माझी वहिनी, साठी ओलांडलेली. दुसरा तिचा पुतण्या, पस्तिशीच्या आतला. तो अहमदाबादला एका टूर कंपनीत होता. कोरोनात नोकरी गेली आणि तो काकूकडे येऊन राहिला.

2022 च्या नवरात्रात दोघांनी चौकाभोवतीच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. भाडं रात्रीला 1,800 रुपये. सकाळी पोहे किंवा सेव उसळ, वर आल्याचा चहा. सुरसागर पायी अंतरावर, मांडवी आणि तांबेकर वाडाही जवळच. गाडी केली तर चांपानेर-पावागढ सुमारे 50 किलोमीटर आणि सरदार पटेलांचा पुतळा असलेलं एकतानगर सुमारे 90. चांपानेर 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि पुतळ्याचं उद्घाटन 2018 च्या ऑक्टोबरअखेर झालं. त्यामुळे मुक्कामाला येणाऱ्याला दोन दिवस सहज पुरतील एवढं इथे आहे.

पहिला हंगाम चांगला गेला. जानेवारी 2023 संपेपर्यंत घरात पैसा येत होता आणि पुतण्याच्या डोक्यात पुढचा बेत तयार झाला होता.

अडचण

त्या सुमारास बातम्यांमधून एक वाक्य सारखं कानावर पडत होतं: भारतात येणारे परदेशी पर्यटक चौपट झाले. वाक्य खोटं नव्हतं. 2021 मध्ये साधारण 15.3 लाख परदेशी पर्यटक आले होते आणि 2022 चा पहिला आकडा 61.9 लाखांचा निघाला (तोच पुढे सुधारून 64.4 लाख झाला). पुतण्याने हे वाक्य धरलं. पर्यटन मंत्रालयाची जुनी मासिक आकडेवारी उतरवून घेतली, 2019 च्या प्रत्येक महिन्याचा वर्षातला हिस्सा काढला आणि तो वाड्याला लावला. वरच्या मजल्यावर पाच खोल्या नव्या करायच्या, एकूण आठ. सहकारी बँकेकडून 18 लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी मंजूरही झालं. हप्ता 25 हजारांच्या आसपास, सुरुवात फेब्रुवारी 2024 पासून. काम जूनमध्ये सुरू करून ऑक्टोबरअखेर संपवायचं, कारण त्याच्या आलेखात हंगामाची खरी गर्दी नोव्हेंबरपासून दिसत होती. तोवर धूळ आणि ठोकाठोकीपायी पूर्ण वाडा बंद. पुढे फेब्रुवारी-मार्चची गर्दी गृहीत धरून तीन माणसं पगारावर ठेवायची.

मे 2023 अखेर वहिनीचा फोन आला. “भाऊजी, एकदा येऊन बघा. पोरगं मेहनती आहे, पण नवरात्रात घर बंद ठेवायचं म्हणतोय.”

मी गेलो तेव्हा कर्जातले 3 लाख उचललेले होते, सागाच्या चौकटी आगाऊ सांगून झाल्या होत्या आणि कडिया, म्हणजे गवंडी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा होता. म्हणजे हाताशी दोन आठवडे होते.

आकडे कोणाचे

पुतण्याचं गणित मी आधी तपासलं. बेरीज-गुणाकारात एकही चूक नव्हती. 2019 चा वक्र त्याने बरोबर उतरवला होता: डिसेंबरमध्ये 12 लाखांच्या वर, जानेवारी आणि फेब्रुवारीत 11 लाखांच्या आसपास, मार्चमध्ये पावणेदहा लाख, मेमध्ये 6 लाखांच्या थोडं वर म्हणजे डिसेंबरच्या निम्मे, जुलैत पुन्हा 8 लाखांवर, मग ऑक्टोबरपासून चढ. या देशाचा हा वक्र वर्षानुवर्षं साधारण असाच राहिला आहे. युरोप-अमेरिकेतला हिवाळा आणि इथला उन्हाळा यांनी तो घडवला आहे. जुलैच्या उंचवट्यामागे परदेशातल्या शाळांच्या सुट्ट्या हेही एक कारण आहे.

चूक होती ती हा वक्र कोणाचा आहे हे न विचारण्यात.

परदेशी पर्यटक म्हणून जो आकडा छापला जातो, तो सीमेवर परदेशी पासपोर्ट दाखवून आत येणाऱ्यांचा. 2019 मधल्या 109.3 लाखांपैकी जवळजवळ चारातला एक बांगलादेशी होता, सुमारे 25.8 लाख. त्यातले पुष्कळ जण जमिनीवरच्या सीमेवरून येतात, कोलकात्याला उपचारासाठी, नातेवाइकांकडे, खरेदीला. वाड्यात आजवर एकही बांगलादेशी पाहुणा उतरलेला नाही. उरलेल्यांत गोवा, केरळ, राजस्थान, आग्रा करणारे युरोपीय आहेत. फेब्रुवारी-मार्च उंच दिसतात त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट वडोदऱ्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्टवर येणारा माणूस या आकड्यात नसतोच. त्याची मोजणी वेगळी होते, 2014 पासून. परदेशी पर्यटक आणि हे अनिवासी भारतीय मिळून जो मोठा आकडा होतो त्याला आंतरराष्ट्रीय पर्यटक आगमन म्हणतात. 2019 मध्ये तो 179.1 लाख होता, म्हणजे अनिवासी भारतीय 69.8 लाख. आणि 2021 मध्ये, परदेशी पर्यटक 15.3 लाखांवर घसरले असताना, अनिवासी भारतीय 54.8 लाख आले होते. एका रांगेतले सातातले सहा लोक गायब झाले, दुसऱ्या रांगेतला पाचातला एक. “चौपट” हा शब्द पहिल्या रांगेचा. दुसरी रांग एवढी ओसरलीच नव्हती, तर चौपट कुठून होणार?

वडोदरा, आणंद, भरूच या पट्ट्यातलं जवळपास प्रत्येक गाव लेस्टर, न्यू जर्सी किंवा टोरोंटोशी नात्याने बांधलेलं आहे. एकाच कुटुंबातला मोठा भाऊ अमेरिकी नागरिक होऊन ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं, व्हिसाची गरज न ठेवणारं कार्ड) येतो आणि परदेशी पर्यटकांत मोजला जातो. धाकटा ग्रीन कार्डवर, पासपोर्ट भारतीय, तो दुसऱ्या रांगेत. दोघं एकाच टॅक्सीने अहमदाबाद विमानतळावरून येतात, शेजारच्या खोल्यांत झोपतात आणि एकाच लग्नाला जातात. हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग उठून रजिस्टर घेऊन आला.

वाड्याच्या नोंदी

त्या वेळी परदेशी नागरिक मुक्कामाला उतरला की 24 तासांत सी फॉर्म ऑनलाइन भरावा लागे. देश, भारतात आल्याची तारीख, कुठून आला, पुढे कुठे जाणार, किती दिवस, सगळं त्यात असतं. बहुतेक घरमालक याकडे कटकट म्हणून बघतात. माझ्या मते छोट्या होमस्टेच्या हातात याहून मोलाचा कागद नाही, कारण राष्ट्रीय आकडा सीमेवर थांबतो आणि हा फॉर्म माणसाबरोबर खोलीच्या दारापर्यंत येतो.

आम्ही तिघांनी तीन संध्याकाळी बसून 26 सप्टेंबर 2022 ते 31 मे 2023 पर्यंतच्या नोंदी मांडल्या. माणसं मोजली नाहीत, खोली-रात्री मोजल्या, म्हणजे एक खोली एक रात्र भरली की एक. दोन रात्री राहणारा आणि आठ रात्री राहणारा यांना सारखं धरलं तर हिशेब फसतो.

एकूण 376 खोली-रात्री निघाल्या. सी फॉर्म 31. त्यातले 19 ओसीआय कार्डवाले, त्यांच्या रात्री 108. उरलेले 12 खरेखुरे परके प्रवासी, बारा जणांच्या मिळून रात्री फक्त 19. भारतीय पासपोर्टवर आलेल्या परदेशस्थांच्या 24 नोंदी, रात्री 131. बाकी 118 रात्री मुंबई, पुणे, इंदूर अशा देशातल्याच पाहुण्यांच्या. म्हणजे ज्या माणसाच्या भरवशावर पाच खोल्या बांधायच्या होत्या, त्याने आठ महिन्यांत 19 रात्री दिल्या होत्या.

महिनेही वेगळंच सांगत होते. डिसेंबर 81, जानेवारी 84, फेब्रुवारी 42, मार्च 29, एप्रिल 17. राष्ट्रीय वक्रात मार्च हा डिसेंबरच्या चार पंचमांश असतो. वाड्यात तो तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर होता. एप्रिलमध्ये तीन खोल्यांच्या 90 रात्रींपैकी 17 भरल्या होत्या, तिथे आणखी पाच खोल्या असून काय उपयोग झाला असता? उलट त्या एका महिन्याची आवक 30,600 रुपये आणि ठरवलेला खर्च हप्त्याचे 25 हजार अधिक तिघांचे पगार 33 हजार. वीज, धुलाई, किराणा वेगळेच.

आता रजिस्टरचीही एक मर्यादा आहे आणि ती मला वहिनीने दाखवली. रजिस्टरमध्ये आलेला माणूस असतो, परत पाठवलेला नसतो. खोल्या भरल्या की आकडा तिथेच अडतो. मग मागणी पाचपट असो की दीडपट, कागदावर सारखीच दिसते. वहिनीने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं. ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांची नावं तिने त्या त्या चौकोनात लिहून त्यांवर फुली मारली होती. “फोन करतात, वाईट वाटतं, म्हणून लिहून ठेवते. पुढच्या वेळी आधी त्यांना विचारायचं.” डिसेंबर-जानेवारीत 22 कुटुंबं, नवरात्राच्या दिवसांत 9, फेब्रुवारीत 1, मार्चनंतर एकही नाही.

सगळ्या प्रकरणातला निर्णायक कागद तो होता.

त्या कालनिर्णयात आणखी एक गोष्ट होती. वहिनी तारखेने बोलतच नाही. “आश्विन लागला की माणसं, कोजागरीपर्यंत. मग दिवाळीनंतर थोडी. मार्गशीर्षात लग्नांची. कमुरता (धनुर्मास) लागला की लग्नं थांबतात, पण तिकडच्या शाळांना नाताळची सुट्टी असते, म्हणून घर भरलेलंच. उत्तरायणला पतंगवाले, आणि मग पुन्हा लग्नं.” मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना हलत्या सणांचा परिणाम शिकवला, ईस्टर मार्चमध्ये की एप्रिलमध्ये यावर युरोपचे आकडे कसे हलतात ते फळ्यावर मांडलं. ही बाई तिथी धरून मोजत होती, त्यामुळे तिच्या वहीत तो परिणाम उरतच नव्हता.

2022 मध्ये नवरात्र 26 सप्टेंबरला बसलं. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे ते 15 ऑक्टोबरपर्यंत पुढे गेलं. इंग्रजी महिने धरले तर 2023 चा सप्टेंबर पडलेला दिसणार आणि ऑक्टोबर उसळलेला. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसेल. आणि पुतण्याने नेमका तोच ऑक्टोबर कडियाला दिला होता.

पर्याय

ठरल्याप्रमाणे जूनमध्ये पाचही खोल्या सुरू करणं हा एक पर्याय होता. त्याच्या बाजूने एकच मुद्दा होता, सांगून ठेवलेल्या चौकटी आणि उचललेले 3 लाख. पण त्यासाठी पावसाळ्यात कौलं उतरवावी लागणार होती आणि नवरात्र हातचं जाणार होतं.

दुसरा पर्याय पुतण्याने स्वतःच हताश होऊन मांडला: सगळं रद्द, तीन खोल्या आहेत तेवढ्याच चालवू. मला तो पटला नाही. 22 फुल्या समोर होत्या. डिसेंबर-जानेवारीत जागा खरोखरच कमी पडत होती आणि जे परत गेले ते पुढच्या वर्षी दुसरीकडे रुळतात.

तिसरा पर्याय आम्ही बोलता बोलता तयार झाला. मागच्या अंगाला तळमजल्यावर दोन बंद खोल्या होत्या, एकीत जुनी भांडी आणि दुसरीत दफ्तराच्या पेट्या. काम आतलं, छपराला हात लावायचा नाही, म्हणजे पावसात होऊ शकतं. तीन चालू खोल्या उघड्याच राहतील, नवरात्राला पाच मिळतील. वरचा मजला पुढच्या फेब्रुवारीनंतर, लागला तरच. कर्ज 18 ऐवजी 7 लाख, हप्ता 9,650 रुपये.

दोनच का, तीन का नाहीत, असं पुतण्याने विचारलं. फुल्यांची तारखांप्रमाणे मांडणी केली तेव्हा दिसलं की बहुतेक दिवशी एक किंवा दोन कुटुंबं परत गेली होती. तीन एकाच दिवशी गेली असे दिवस सगळे मिळून चारच. त्या चार दिवसांसाठी वर्षभर एक खोली पोसायची नाही, असं ठरलं.

कृती

चौकटींच्या सुताराने तीन चौकटी परत घेतल्या, पैसे थोडे कापून. बँकेने कर्ज कमी करायला महिना लावला. दोन खोल्या गणपतीआधी रंगासकट झाल्या.

ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा पाय घसरायची वेळ आली. 2022 मध्ये परदेशी पर्यटकांच्या भेटींत गुजरात देशात पहिला, 17 लाखांहून जास्त, असा आकडा पुतण्याच्या वाचनात आला. तो सकाळी सात वाजता माझ्या दारात. “काका, आता तरी वरचा मजला घेऊया?” मी त्याला आत बसवून विचारलं की गेल्या डिसेंबरात ते लेस्टरचं जोडपं आलं होतं, ते कुठे कुठे राहिलं? अहमदाबाद, मग वाडा, मग एकतानगर. राज्याराज्यांचा हा आकडा मुक्कामाच्या ठिकाणांवरून गोळा होतो आणि तो भेटी मोजतो. एक माणूस तीन ठिकाणी राहिला तर तीन वेळा मोजला जाऊ शकतो. सीमेवरचा आकडा माणूस देशात शिरताना एकदाच मोजतो. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत, पण एकाला दुसऱ्याच्या शेजारी ठेवून टक्के काढता येत नाहीत. पुतण्याने वही मिटली आणि चहा घेतला.

प्रसिद्धीचा निर्णय मात्र त्याचा एकट्याचा आणि अगदी बरोबर होता. परदेशी प्रवाशांच्या मोठ्या पोर्टलांवर जाहिरातीसाठी ठेवलेले पैसे त्याने काढून घेतले. वहिनीच्या फुलीवाल्या 32 कुटुंबांपैकी ज्यांचे नंबर मिळाले त्या सगळ्यांना स्वतः फोन केले. नवरात्राच्या तारखा सांगितल्या, खोल्या वाढल्याचं सांगितलं.

काय झालं

2023 चं नवरात्र पाच खोल्यांनी झालं. 15 ते 24 ऑक्टोबरच्या 50 खोली-रात्रींपैकी 41 भरल्या. राहिलेल्या नऊ रात्रींची कहाणी सांगायला हवी, कारण ती कुठल्याच हंगामी वक्रात बसत नाही. ब्रॅम्प्टनच्या एका कुटुंबाने दोन खोल्या घेतल्या होत्या. 21 सप्टेंबरला भारताने कॅनडातली व्हिसा सेवा थांबवली. आईवडील आणि मुलगी ओसीआय कार्डावर येऊ शकत होते, त्यांना काही अडचण नव्हती. जावई कॅनडात जन्मलेला, कार्ड काढलेलं नाही, व्हिसा अजून घ्यायचा होता. तो येणार नाही म्हटल्यावर कोणीच आलं नाही. ई-व्हिसा 22 नोव्हेंबरला पुन्हा सुरू झाला, तोवर नवरात्र आणि दिवाळी दोन्ही उलटून गेलेल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या 2022 च्या नवरात्राला मी आधार धरलं, तेही सरळ वर्ष नव्हतं. ब्रिटिश नागरिकांना कोरोनानंतर ई-व्हिसा डिसेंबर 2022 मध्ये परत मिळू लागला. त्याआधीच्या नवरात्रात ब्रिटनहून आलेले आमचे सगळे पाहुणे कार्डवाले किंवा भारतीय पासपोर्टवाले होते. मी ते “आमच्याकडे असेच लोक येतात” असं वाचलं होतं. खरं तर बाकीच्यांना येणंच अवघड होतं. पुतण्याला मी पायाभूत वर्षाची, म्हणजे असाधारण वर्ष तुलनेला धरण्याची, जी चूक दाखवली, तीच लहान प्रमाणात मीही केली होती.

डिसेंबर 2023 आणि जानेवारी 2024 मिळून 310 पैकी 228 रात्री भरल्या. फुल्या 22 वरून 7 वर आल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये 300 पैकी 96, साधारण तिसरा हिस्सा. हप्ता निघाला, पगारावर एकच बाई होती, तिचा पगारही निघाला. आठ खोल्या असत्या तर त्याच 96 रात्रींत तिघांचे पगार आणि अडीचपट हप्ता काढावा लागला असता.

मग 2024 चा ऑगस्ट आला. शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री चढली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. वाड्यात मागच्या अंगाने पाणी शिरलं. नव्या दोन्ही खोल्यांत गुडघाभर. गाद्या, कपाटांचे खालचे कप्पे, वायरिंग, सगळं गेलं. दुरुस्तीला 1 लाख 40 हजार लागले. नवरात्र 3 ऑक्टोबरला होतं, पाच आठवडे हातात. वहिनीने भिंतींपाशी शेगड्या पेटवून ठेवल्या, पुतण्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पंखे फिरवत राहिला. एक खोली पहिल्या माळेला तयार झाली, दुसरी पाचव्या माळेला.

नोव्हेंबरमध्ये उलट्या बाजूने तोच प्रसंग. बांगलादेशातल्या सत्तांतरानंतर तिथल्या लोकांना भारताचा व्हिसा मिळणं फार कमी झालं. तिथून येणाऱ्यांची संख्या कोसळली आणि तिने देशाच्या एकूण आकड्याला खाली ओढलं. पर्यटक घटले अशा बातम्या येऊ लागल्या. डिसेंबरचं भाडं कमी करावं का, अशी चर्चा जेवणाच्या पाटावर निघाली. या वेळी मला बोलावंच लागलं नाही. पुतण्याने देशवार तक्ता काढला, बांगलादेशची ओळ बाजूला केली, अमेरिका आणि ब्रिटनच्या ओळी पाहिल्या आणि भाडं आहे तेच ठेवलं. डिसेंबर भरला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी तळमजल्याचा सल्ला. तो माझा होता. पावसात काम होईल, छपराला धक्का नको, एवढाच विचार केला. 31 जुलै 2019 चा पाऊस मी याच शहरात अनुभवला आहे, रस्त्यांवरून मगरी धरून नेताना पाहिल्या आहेत. तरी कोणत्या महिन्यात काम करायचं या प्रश्नाने मी इतका व्यापलो की कोणत्या मजल्यावर, हा प्रश्न विचारलाच नाही. आज तीच वेळ आली तर जून ते सप्टेंबर काहीच बांधू नका म्हणेन, नवरात्र तीन खोल्यांवर काढा आणि फेब्रुवारीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घ्या. पहिल्या वर्षीचं उत्पन्न थोडं कमी झालं असतं, पुराचे 1 लाख 40 हजार मात्र वाचले असते.

दुसरं, वहिनीचं कालनिर्णय आम्ही तिसऱ्या संध्याकाळी पाहिलं. पहिल्या दोन संध्याकाळी ती चहा देऊन आत जात होती आणि आम्ही दोघं लॅपटॉपवर मान घालून बसलो होतो. तिला पहिल्याच दिवशी समोर बसवायला हवं होतं. कर्जाचा अर्ज करण्याआधी पुतण्याने तिला विचारलं असतं तर माझी गरजच पडली नसती.

तिसरं, एका वर्षाच्या रजिस्टरवर दहा वर्षांच्या कर्जाचा निर्णय झाला, मग ते कर्ज 18 लाखांचं असो की 7 लाखांचं. आम्ही आजूबाजूच्या दोन-तीन जुन्या लॉजवाल्यांकडे त्यांच्या 2017-19 च्या नोंदी मागू शकलो असतो. कदाचित दिल्या नसत्या. मागितल्या नाहीत ही मात्र खंत आहे.

आणि बुकिंग घेताना पासपोर्ट कोणता, कार्ड आहे का, हे पुतण्या 2023 पर्यंत विचारत नव्हता. माणूस दारात आला की सी फॉर्मसाठी विचारायचा. आता पहिल्याच फोनवर विचारतो. कुटुंबातल्या एकाजवळ कार्ड नसेल तर ते बुकिंग वेगळ्या रंगाने लिहितो आणि आगाऊ रकमेची अट थोडी बदलतो.

हे लिहितो आहे तेव्हा 2025 चा उन्हाळा आहे. वरच्या मजल्यावरची चौकटी नसलेली दालनं तशीच आहेत, पुतण्या तिथे संध्याकाळी पुस्तक घेऊन बसतो. खालच्या दोन खोल्यांतले विजेचे सॉकेट आता कमरेच्या वर घेतले आहेत. या वर्षी घटस्थापना 22 सप्टेंबरला आहे. त्या चौकोनात वहिनीने चार नावं लिहिली आहेत. पाचवं नाव ब्रॅम्प्टनचं, पेन्सिलने. त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. वहिनीने मुलीची, नातवंडांची, गुडघ्यांची चौकशी केली आणि तारखा लिहून घेण्याआधी विचारलं, “जावईबापूंचं कार्ड झालं का हो?”